मेलेल्या माणसाला कुणी फोन करत नाही

मी मूळचीच भांडखोर. त्यामुळं माझं प्रेमही भांडणातूनच सुरू झालं, याचं आमच्या घरात आता कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा मात्र वाटलं होतं. तेव्हा तर सगळ्या वडवणीला वाटलं होतं, आणि तेही एकाच दुपारी, एकाच अंगणात. तीच दुपार सांगायला बसलेय. सांगताना अजून माझा आवाज चढतो, त्याला इलाज नाही.

बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं ब्युटी पार्लर. समोर त्याचं फ्लेक्सचं दुकान. वाढदिवस, दहावा, उद्घाटन, निवडून आलेले, पडलेले, सगळ्यांचे फ्लेक्स तिथूनच निघायचे. मी पार्लरचा फ्लेक्स करायला टाकला, तर या बहाद्दरानं त्यावर कुठल्या तरी गोऱ्यापान परदेशी बाईचा फोटो लावला. मी तरातरा रस्ता ओलांडून गेले.

"ही बाई कोण? हिचा मेकअप मी केलाय का? उद्या गिऱ्हाईक म्हणंल, मला अशी करून दे. मग मी काय रंधा मारू का तिला?"

तो हसला, खुर्चीतून उठला, आणि लगेच परत बसला. त्याला धाप लागली होती. मला वाटलं, मला घाबरला. लई बरं वाटलं मला.

नंतर कळलं, ती धाप माझ्यामुळं नव्हती. लहानपणी त्याचे सांधे सुजून ताप आला होता, घरच्यांनी अंगदुखी म्हणून सोडून दिलं, आणि त्या तापानं त्याच्या काळजाची एक झडप खराब करून ठेवली. हे त्यानं मला स्वतःच सांगितलं. तेही कधी, तर प्रेमाचं बोलायच्या आधी. चहाचा कप माझ्या काउंटरवर ठेवून म्हणाला, "तुला एक विचारायचंय. पण त्याच्याआधी माझ्यातला बिघाड सांगतो." लग्नाच्या बाजारात चष्म्याचा नंबर लपवणारी माणसं मी पाहिली होती. हा काळीज उघडं करून बसला होता.

"बिघाड राहू दे. विचारायचंय ते विचार," मी म्हणाले.

त्यानं विचारलं. मी हो म्हणाले. खुर्चीत फेसपॅक लावून, डोळ्यांवर काकडीच्या चकत्या ठेवून एक बाई बसली होती, ती चकत्यांखालून सगळं ऐकत होती. तिच्या पाया पडून मी तिचं तोंड बंद केलं.

तोंड बंद ठेवायलाच हवं होतं. ते लिंगायत, त्यांचं पिढीजात किराणा दुकान; आम्ही मराठे, शेतीवाले. त्यात आमचे आबा. माझे वडील म्हणजे गावात वजन असलेला माणूस. तापट एक नंबरचे. पण कुणाच्याही मयतीला खांद्यावर टॉवेल टाकून पहिले हजर. भावकी असो, वैरी असो, जात कुठलीही असो, खांदा द्यायला आबा असणारच. जित्या माणसांशी मात्र त्यांचं पटायचं नाही. त्यांच्यापुढं हा विषय काढायचा म्हणजे पेटत्या चुलीत हात घालायचा. म्हणून आम्ही समोरासमोरच्या दुकानांत बसून फोनवर बोलायचो. रस्त्याच्या पलीकडं तो ओठ हलवायचा आणि माझ्या कानात आवाज यायचा. मी लाजायचे आणि गिऱ्हाइकाची भुवई वाकडी व्हायची.

मग त्याची धाप वाढली. जिना चढवेना, नंतर नंतर तर बोलताना मध्येच थांबायचा. बीडच्या डॉक्टरांनी संभाजीनगरला पाठवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, झडप बदलायची, धातूची बसवायची, ऑपरेशन मोठं आहे आणि जिवाला धोका आहे. थोरला भाऊ त्याला घेऊन गेला. आई घरीच थांबली. वडील आधीच गेलेले, म्हातारीचे गुडघे दुखायचे. ऑपरेशनचा दिवस ठरला की तिला बोलवून घ्यायचं, असं ठरलं.

मी फोनवर त्याच्याशी रोज भांडायचे. भांडले नाही तर रडू यायचं. तो गेला तर माझं काय होईल, हे मला बोलायला दुनियेत दुसरं कुणी नव्हतं, कारण मी त्याची कोण हेच कुणाला माहीत नव्हतं.

तर ती दुपार. पार्लरमध्ये एक नवरी बसली होती, मांडवात जायची घाई. तिची एक भुवई झाली होती. माझा फोन गुरगुरला. गावच्या ग्रुपवर फोटो. त्याचा. भोवती पांढरी फुलं, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. मी बघतेय तोवर खाली जोडलेल्या हातांची रांग लागली. एकाचे हात, दुसऱ्याचे हात, तिसऱ्याचे हात.

माझ्या हातातली पेन्सिल पडली. कानात नुसतं सूं करत होतं. नवरी म्हणत होती, "ताई, एकच झाली, दुसरी राहिली." आणि मला वाटत होतं की आपलंही काहीतरी अर्धंच राहिलं. रडूसुद्धा येईना. मग मी जे केलं ते विचार करून केलं नाही. मला काहीही झालं, पाय मुरगळला, गिऱ्हाईक भांडलं, भाजी करपली, तरी मी पहिला फोन त्याला करायचे. सवयच लागली होती. बोटांनी आपलं आपणच त्याचा नंबर लावला.

रिंग गेली. आणि उचलला!

"हां मॅडम, बोला. उपमा खाऊ लागलोय. म्हणजे हेच लोक त्याला उपमा म्हणतेत, मी न्हाई म्हणत."

मी खुर्चीला धरून खाली फरशीवर बसले. "खा," एवढंच म्हणाले. "खा तू उपमा."

"रडू लागलीस का काय?"

"कांदा चिरू लागलेय."

"पार्लरमधी?"

"ठेव फोन!" मी खेकसले आणि फोन बंद केला. जिवंत होता! उपम्याला नावं ठेवत होता, म्हणजे चांगलाच जिवंत होता! मी त्या नवरीचा मुका घेतला. बिचारीची लिपस्टिक फिसकटली.

ही बातमी उठली कशी, ते सांगते. आमच्याकडं मयतीची बातमी फोनवर सरळ सांगत नाहीत. "सीरियस हाय, म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघा, उशीर करू नका," असं सांगतात. ऐकणारा समजायचं ते समजतो, मुकाट्यानं टॉवेल खांद्यावर टाकतो, गाडी काढतो. वर्षानुवर्षं असंच चाललंय. त्या दिवशी सकाळी त्याच्या भावाला डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन उद्याच. त्यानं शेजारच्या काकांना फोन करून खरं तेच सांगितलं, "उद्याचं ठरलंय. आईला घेऊन निघा, उशीर करू नका." काकांनी ऐकलं आणि भिंतीला टेकून बसले. पुढं भाऊ रक्ताच्या बाटल्यांची सोय करायला गेला आणि त्याच्या फोनचं चार्जिंग संपलं. इकडं सगळं गाव त्याला फोन लावून बेजार, आणि तिकडून 'स्विच ऑफ'. मग तर खात्रीच झाली सगळ्यांची. श्रद्धांजली पहिली कुणाची पडते याची आमच्याकडं चढाओढ असते. एका कार्यकर्त्यानं ती जिंकली. ज्याला गेला म्हणत होते त्याचा फोन चालू होता, खिशात होता, पण मेलेल्या माणसाला फोन कोण करतंय?

हसू येतं आता. तेव्हा हसू एका मिनिटात मावळलं, कारण गल्लीतून बायका लगबगीनं चालल्या होत्या आणि त्यातली एक म्हणत होती, "म्हातारीची दातखीळ बसलीय म्हणं." त्याची आई! मी परत फोन उचलला आणि थांबले. त्याला काय सांगू? तुझी आई तुझ्या नावानं रडतेय? उद्या ज्याची छाती उघडणार, त्याच्या त्या काळजाला आज हा धक्का देऊ? काकांना फोन लावला, उचलेनात. आईकडं फोनच नव्हता. म्हणजे सांगायचं तर मलाच जाऊन सांगायला पाहिजे होतं. आणि सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता: तुला गं कसं ठाऊक?

नवरीला म्हणाले, "बस अशीच." आणि पळाले. तिनं दुसरी भुवई शेवटी स्वतःच काढली. तिच्या लग्नाच्या फोटोत दोन भुवया दोन गावच्या दिसतात, अजून ऐकवते मला.

स्टँडवर फ्लेक्स लागलासुद्धा होता! त्याच्याच दुकानात, त्याच्याच कारागिरानं रडत रडत काढलेला. मधे हा, आणि भोवती पुढाऱ्याचे नि कार्यकर्त्यांचे हसरे फोटो याच्यापेक्षा मोठे. पुढं बरा झाल्यावर यानं तो फ्लेक्स पाहिला, तर मरणाचं काही नाही, म्हणतो कसा, "रंग बघ कसले लावलेत, इज्जत घालवली दुकानाची."

त्याच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पुरुष भिंतीच्या कडंनं बसलेले. त्यांच्यात पुरतात, खड्ड्याला माणसं कुदळ-फावडी घेऊन गेली होती. मधे म्हातारी बसलेली, दोन बायका तिच्या ओठाला पाणी लावत होत्या. तिचे डोळे उघडे होते पण बघत नव्हती. मला राहवलं नाही. मी ओरडले, "काकू, उठा! जित्ता हाय तो!"

रडणं एकदम थांबलं. मग कुजबूज सुरू झाली. "कुणाची गं पोर?" "नवऱ्या सजवती ती." "खुळी झाली काय?" एका आजीनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि शेजारणीला म्हणाली, "हिला बी लागिरलं बघ."

"कुणी लागिरलं न्हाई मला! मी आत्ता बोलले त्याच्याशी. उपमा खातोय तिथं!"

"तुझ्याशी कशाला बोलंल तो?" एक बाई म्हणाली. हाच तो प्रश्न. त्या क्षणी 'बातमी ऐकली' म्हणून काहीतरी थाप मारता आली असती, पण थापेवर म्हातारी उठली नसती. तिला तिच्या लेकाचा आवाजच पाहिजे होता.

"सगळे गप बसा," मी म्हणाले. "त्याला ह्यातलं काही कळू द्यायचं न्हाई. उद्या ऑपरेशन हाय त्याचं. कुणी हुंदका जरी काढला तर माझ्याशी गाठ हाय!" आणि मी फोन स्पीकरवर लावून मधे धरला.

रिंग वाजायला लागली. एवढी माणसं, सगळी फोनकडं वाकली.

"आता काय झालं मॅडम? करमंना का माझ्याबिगर?"

अंगणात सगळ्यांनी तोंडावर पदर नि टॉवेल दाबले. म्हातारीच्या अंगात जीव आल्यासारखं झालं. ती रांगत फोनकडं आली, मी तिच्या ओठांवर हात ठेवला. तिनं तोंड गच्च मिटलं, आणि डोळ्यांतून नुसती धार. त्या माउलीनं आवाज काढला नाही.

"बोल की काहीतरी," मी कसंबसं म्हणाले. हेच चुकलं माझं! त्याला वाटलं, मी एकटी आहे.

"काय बोलू? उद्या पहिला नंबर माझाच हाय म्हणं. झडप बसली की पहिलं काम काय करणार ठाव हाय का? तुझ्या आबाकडं येणार, मागणी घालायला. म्हातारा लई तापट हाय, काठी घेऊन उठंल. उठू दे! म्हणणार, हाणा, झडप नवी कोरी हाय, सोसंल. आईला बी सांगायचंय. सून पाहिजे म्हणून माझा जीव खाऊ लागलीय, अन् सून इथं मागच्या गल्लीत भुवया कोरू लागलीय."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. कुणीतरी खुदकन हसलं. मी फोन बंद करणार, तेवढ्यात त्याचा आवाज बारीक झाला.

"ऐक ना. कुणाला म्हणालो न्हाई, तुला सांगतो. मला लई भ्या वाटू लागलंय. रातभर डोळा न्हाई. भाऊ रडंल म्हणून त्याच्यापुढं हसतो. तू हायस म्हणून आत जाऊ लागलोय. न्हाईतर पळून आलो असतो वडवणीला."

आता कुणीच हसलं नाही. मी म्हणाले, "पळून आलास तर तंगडं मोडीन," आणि फोन ठेवला. मग मला जे रडू फुटलं ते आवरेना.

आणि अंगणात जो गलका उठला! म्हातारी माझ्या गळ्यात पडून माझ्या तोंडावरून हात फिरवत होती. कुणी खड्ड्यावरच्या माणसांना परत बोलवायला धावलं, कुणी कार्यकर्त्याच्या नावानं शिव्या घालत होतं, आणि ग्रुपवर सगळ्यांची आपापले जोडलेले हात पुसायची घाई उडाली होती. मी डोळे पुसत मान वर केली, आणि दारात आबा उभे होते. खांद्यावर टॉवेल. मयतीला आले होते. कधीपासून उभे होते, ते त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झालेल्या बघून मला कळलं.

गलका विरला. सगळे एकदा आबांकडं, एकदा माझ्याकडं बघायला लागले. आबा म्हणाले, "म्हातारीला गाडीत बसवा. मी नेतो." मग माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तू बी बस."

बीड गेलं, गेवराई आली, आबा नुसती गाडी हाकत होते. मला वाटत होतं, वाटेत उतरवतील आणि म्हणतील, जा कुठं जायचं तिकडं. मागं म्हातारी माझा हात धरून बसलेली. मधेच म्हणाली, "भुवया कोरती म्हणं सून," आणि स्वतःशीच हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी चहाला गाडी थांबली तेव्हा मीच बोलले. "आबा, काय बोलायचं ते बोला. मारायचं तर मारा. पण मी त्याला सोडणार न्हाई. उद्या तो आतच राहिला, तरी मी त्याचीच."

आबांनी बशीतला चहा संपवला. म्हणाले, "त्याला खांदा द्यायला निघालतो मी. मेल्यावर खांद्यावर घेतलं असतं. आता जित्ता हाय तर दारातून हाकलू का त्याला?" आणि गाडीकडं चालायला लागले.

वॉर्डात आम्हाला बघून तो आधी आईकडं हसला, मग माझ्याकडं, आणि मग मागून आबा आत आले तसा पांढराफटक पडला. आबा खाटेजवळ जाऊन उभे राहिले.

"काठी गाडीत ठिवलीय," आबा म्हणाले. "आधी झडप बसवून घे. मग बघतो तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आत नेलं. स्ट्रेचरवरून त्यानं माझ्याकडं बोट दाखवलं आणि तंगडं मोडल्याची खूण केली. हसलाही. दार बंद झालं. मी त्या दाराकडं बघत बसले, आणि माझी भांडायची सगळी ताकद गेली. कुणाशी भांडणार? दुपार झाली. भाऊ औषधं आणायला खाली गेला होता, तेवढ्यात दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. तोंडावरचा मास्क तसाच, चेहऱ्यावरून काही कळेना.

"पेशंटचं जवळचं कोण आहे?"

म्हातारीला गुडघ्यांमुळं पटकन उठता येईना. मी उठले, आणि उभीच राहिले. काय सांगू? समोरच्या दुकानातली? आणि माझ्या मागून आबांचा आवाज आला.

"मी हाय. सासरा."

डॉक्टर त्यांना आत घेऊन गेले. आत का नेलं? चांगली बातमी असती तर इथंच सांगितली नसती का? मी म्हातारीला धरून बसले, ती देवाचं नाव घेत होती, मला एकाही देवाचं नाव आठवेना. मग दार परत उघडलं आणि आबा आले. डोक्यावर टोपी नव्हती, हातात होती. आमचे आबा झोपताना सोडून टोपी काढत नाहीत, काढली तर फक्त मयतीत. मी किंचाळणार, तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"गप. आत टोपी चालत न्हाई म्हणं." त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "डॉक्टरनं ती नळी लावली माझ्या कानाला. म्हणाला, ऐका. टक टक टक टक वाजतंय, पोरी. लई दणक्यात वाजतंय."

एवढं बोलले, आणि माझा तो तापट बाप सगळ्या दवाखान्यादेखत टोपीत तोंड घालून रडायला लागला.